मोठ्या दुकानातले फ्रिज कुठे गेले? – वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहून गेलो होतो, की दुकान काय विकायला घेतं ते सगळे बघतात पण काय विकायचं सोडतं ते बघा, तब्येत तिथे कळते. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की बाकीचे विषय पुढच्या महिन्यावर ढकललेत. मी स्वतः दादरच्या एका मोठ्या दुकानात सत्तावीस वर्षं खरेदी विभागात काढली, त्यामुळे या विषयावर मला बोलायला लावणं म्हणजे आयतंच, आधीच सांगतो.

प्रश्न: दादा, माझी मुलगी डॅलसजवळ असते. २०१७ मध्ये गेले होते तेव्हा मॉलमधल्या जेसी पेनीत फ्रिज, वॉशिंग मशीन, ओव्हन असं सगळं ओळीने मांडलेलं होतं, मी आणि नात उगाच दारं उघडून बघत बसायचो. २०१९ च्या उन्हाळ्यात परत गेले तर तिथे चादरी आणि उशा! दुकान तर तसंच चालू होतं. मग फ्रिज खपत नव्हते का?
– एक आजी, नाशिक

उत्तर: खपत होते ताई. म्हणूनच तर ही गोष्ट सांगण्यासारखी आहे, न खपणारा माल काढायला काय, कोणीही काढेल.

थोडं मागून सांगतो. जेसी पेनी हे काही फ्रिजवाल्याचं दुकान नव्हे, १९०२ मध्ये वायोमिंगमधल्या केमरर नावाच्या कोळसा खाणीच्या गावात जेम्स कॅश पेनी या माणसाने कापडचोपडाचं दुकान टाकलं, उधारी बंद, रोख द्या आणि न्या. (कॅश हे त्याचं खरंच मधलं नाव होतं, मी गंमत करत नाहीये.) पुढे दुकानं वाढत गेली तसा माल वाढत गेला, फ्रिज आले, रंगाचे डबे आले, बागेची अवजारं, गाडीची दुरुस्ती, सगळं. मग १९८३ मध्ये कंपनीने ठरवलं की आपण कपडे आणि घरातल्या कापडाचे लोक आहोत, आणि हे सगळं एका झटक्यात बंद केलं. म्हणजे फ्रिज सोडायची ही पहिली वेळ नव्हतीच.

ते परत आले २०१६ मध्ये. तेव्हा कंपनीचे प्रमुख होते मार्विन एलिसन, ते होम डेपोतून आलेले, म्हणजे हातोडी-ड्रिलपासून फ्रिजपर्यंत सगळं विकणाऱ्या घरातला माणूस. त्यांनी बघितलं की शेजारी सीअर्स नावाचं दुकान आहे, अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या फ्रिज म्हणजे सीअर्स असं समीकरण, आणि ते दुकान दरवर्षी शटर ओढत चाललंय. एकाच मॉलमध्ये या टोकाला सीअर्स आणि त्या टोकाला पेनी असं कितीतरी ठिकाणी. मग त्याचं गिऱ्हाईक आपल्याकडे का येऊ नये? आधी २२ दुकानांत करून बघितलं, मग त्याच वर्षी जवळपास ५०० दुकानांत फ्रिज मांडले. हिशोब कागदावर चुकीचा नव्हता हो. कपड्याचं कसं असतं, थंडी उशिरा पडली की स्वेटर अंगावर येतात, पण फ्रिज बिघडला की माणूस हवामान बघत नाही, सरळ उठून दुकानात जातो.

पण इथेच मेख आहे. आम्ही दुकानातले लोक वस्तूची किंमत बघत नाही, ती किती जागा अडवते आणि त्या जागेतून वर्षाला काय सुटतं ते बघतो. समजा एक फ्रिज दीड हजार डॉलरला गेला, आकडा भारी वाटतो, गल्ल्यात नोटा दिसतात, पण त्यात दुकानाला सुटणार थोडं, कारण तोच सॅमसंग तोच एलजी चार दुकानं पलीकडे होम डेपोत, लोजमध्ये, बेस्ट बायमध्ये ठेवलाय आणि गिऱ्हाईक मोबाईलवर चारही भाव बघूनच आत शिरतंय. त्याउलट पेनीचा स्वतःच्या नावाचा शर्ट, सेंट जॉन्स बे म्हणा, स्टॅफर्ड म्हणा, तो दुसऱ्या कुठे मिळतच नाही, त्याचा भाव कशाशी लावणार? एका फ्रिजच्या जागेत शर्टाचं एक गोल स्टँड आणि वर चालायला वाट असं बसतं. शिवाय फ्रिज म्हटला की घरपोच करा, जुना उचलून न्या, जिन्यात अडकला तर ती भानगड, दाराला खरचटलं तर वेगळी भानगड, आणि विकणारा पोरगा पण शिकलेला लागतो, लिटर आणि इन्व्हर्टर समजावून सांगणारा. शर्टाला काय लागतं? आरसा.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. फ्रिज घ्यायला आलेला माणूस जाताना ब्लाऊज घेत नाही. नवराबायको येतात, तासभर दारं उघडबंद करतात, भांडतात, घरी जाऊन विचार करू म्हणतात, आणि घेतलाच तर पुढची दहा वर्षं त्या कोपऱ्यात फिरकत नाहीत. चादर घ्यायला आलेली बाई मात्र दिवाळीला परत येते. (तिकडे ख्रिसमसला.)

२०१८ मध्ये एलिसन सोडून गेले, कुठे गेले माहितीये? लोजमध्ये! जिथे फ्रिज खऱ्या अर्थाने विकले जातात तिथे. ऑक्टोबरमध्ये जिल सोल्टाऊ आल्या, त्या आधी जो-अ‍ॅन या शिवणकाम-भरतकामाच्या सामानाच्या दुकानांच्या प्रमुख. आता तुम्हीच बघा, ड्रिलवाल्या घरातला माणूस फ्रिज आणतो आणि कापडवाल्या घरातली बाई ते काढते, यात नवल काहीच नाही. त्या आल्या तेव्हा डोक्यावर ४०० कोटी डॉलरच्या आसपास कर्ज, त्या वर्षीचा तोटा २५ कोटींच्या वर, आणि डिसेंबरात शेअर एक डॉलरच्या खाली घसरला, म्हणजे शेअरपेक्षा चहा महाग. फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झालं की २८ तारखेपासून मोठी उपकरणं बंद, आणि सोफे-पलंग दुकानात ठेवायचे नाहीत, ते ऑनलाइनच, पोर्टो रिकोतली दुकानं तेवढी सोडून. कारण अगदी सरळ दिलेलं, कपडे आणि घरातलं कापड यात जास्त सुटतं. म्हणून तुम्हाला चादरी दिसल्या.

प्रश्न: मग त्यानंतर दुकान सावरलं का? एका ओळीत सांगा.
– एक वाचक, अकोला

उत्तर: नाही, १५ मे २०२० ला दिवाळखोरीचा अर्ज गेला, कोरोनात सगळी दुकानं बंद पडली ती शेवटची लाथ, आणि वर्षअखेरीला मॉलमालक असलेल्या सायमन आणि ब्रुकफील्ड या दोघांनीच ते विकत घेतलं, कारण ते बंद पडलं असतं तर त्यांच्याच मॉलचं टोक ओसाड झालं असतं. एका ओळीत बसवलं बघा, लांब झाली तरी एकच आहे.

प्रश्न: माझं कल्याणला तयार कपड्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. शेजारचा मिक्सर-पंखे-गीझरवाला म्हातारा झाला, मुलं बाहेर, तो दिवाळीनंतर दुकान बंद करतोय. बायको म्हणते त्याचं गिऱ्हाईक आपल्याकडे वळवू, मागच्या अर्ध्या भागात मिक्सर आणि इस्त्र्या लावू. धंदा सध्या थंडच आहे. लावू का?
– एक दुकानदार, कल्याण

उत्तर: भाऊ, तुमचं पत्र वाचून मी हसलो, रागावू नका, कारण तुम्ही नेमकं २०१६ चं पेनी आहात. शेजाऱ्याचं दुकान बसतंय म्हणून आपण त्याचा माल लावायचा, हा मोह फार जुना आहे. आणि पेनीला तो एकदाच झाला असंही नाही, २०१७ मध्ये टॉईज आर अस नावाचं खेळण्यांचं प्रचंड मोठं दुकान गाळात चाललं होतं तर यांनी आपल्या सगळ्या दुकानांत खेळण्यांचे कोपरे काढले, पुढच्या वर्षी त्यांचंच बाळांच्या सामानाचं दुकान मिटलं तर यांनी पाळणे आणि बाबागाड्या लावल्या. म्हणजे गल्लीत कोणी गेलं की यांचा टेम्पो दारात हजर.

पण एक प्रश्न आधी विचारायचा असतो, शेजाऱ्याचं दुकान का बंद पडतंय? माल लोकांना नको झालाय म्हणून, की लोक तो माल दुसरीकडून घेतायत म्हणून, की फक्त म्हातारपण आणि मुलं बाहेर म्हणून? सीअर्सचं गिऱ्हाईक कुठे वाऱ्यावर पडलेलं नव्हतं, ते आधीच होम डेपो आणि लोजकडे वळलेलं होतं, पेनीच्या वाट्याला उरलेलं आलं. तुमच्या शेजाऱ्याचं कारण म्हातारपण असेल तर गोष्ट वेगळी, मग गिऱ्हाईक खरंच मोकळं होणार आहे. तेव्हा एक काम करा, त्याच्याकडे चहाला बसा, आणि गेल्या दोन वर्षांत काय जास्त गेलं ते विचारा, मिक्सर की मिक्सरचे सुटे भाग. माझा अंदाज विचाराल तर बऱ्याच जुन्या दुकानांचं पोट नव्या मिक्सरवर भरत नाही, जारचं रबर, ब्लेड, कपलर आणि दुरुस्ती यावर भरतं. ती दुरुस्ती तुम्ही करणार नसाल तर तुमच्या हातात उरतो फक्त खोका, आणि खोका तर ऑनलाइन दुसऱ्या दिवशी घरी येतो.

इस्त्री मात्र मला पटते. कपड्याच्या दुकानात इस्त्री, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, हँगर, हे एका कुळातलं आहे, शर्ट घेणारा माणूस ते सहज उचलेल. अर्धा भाग नका देऊ, एक रॅक द्या. वहिनींना सांगा, त्यांची कल्पना चुकीची नाहीये, फक्त जागेचं माप मोठं घेतलंय. आणि माल उचलताना कंपनीच्या माणसाशी बोलून घ्या की सहा महिन्यांत गेला नाही तर परत घेणार का, तोंडी नको, बिलाच्या मागे लिहून.

प्रश्न: मी रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला आहे, आमच्या बाजूलाच व्हर्लपूलचा कारखाना. कोणीतरी सांगितलं की अमेरिकेत सीअर्सने व्हर्लपूलचा माल विकायचं बंद केलं होतं, शंभर वर्षांचं नातं तोडून. एवढा चालणारा ब्रँड दुकान कसं काय सोडतं?
– एक वाचक, शिरूर

उत्तर: बरोबर ऐकलंत. ऑक्टोबर २०१७ ची गोष्ट. हे नातं १९१६ पासूनचं, तेव्हा व्हर्लपूलचं नाव पण वेगळं होतं, अप्टन मशीन कंपनी, मिशिगनमधली, आणि त्यांची कपडे धुवायची यंत्रं सीअर्स विकायचं. शंभर वर्षांनी सीअर्सने व्हर्लपूल, मेटॅग, किचनएड, जेन-एअर चारही नावं काढून टाकली. सीअर्सचं म्हणणं असं की पुरवठादार अशा अटी घालतोय की आम्हाला बाजारभावात माल विकताच येणार नाही. व्हर्लपूलचं म्हणणं असं की सीअर्सकडून येणारी विक्री आमच्या एकूण धंद्याच्या जेमतेम ३ टक्के आहे. या दोन वाक्यांत सगळं आलं बघा, एकेकाळी सीअर्स हाच त्यांचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक होता आणि आता तो गेला तरी चालेल इतकाच उरला होता.

आता अटी म्हणजे काय, तर त्या दोघांत नेमकं काय ठरत होतं नि काय फिसकटलं ते त्यांनाच ठाऊक, मी बाजारातली सर्वसाधारण रीत सांगतो. चांगल्या दिवसांत कारखाना दुकानाला माल देतो आणि पैसे दोन-तीन महिन्यांनी घेतो, म्हणजे एका अर्थी दुकान पुरवठादाराच्या पैशावर चालतं. दुकान लडखडायला लागलं की ही बातमी गिऱ्हाइकाच्या आधी पुरवठादाराला लागते, मग तो म्हणतो पंधरा दिवसांत द्या, मग म्हणतो आधी द्या. कारण उद्या दुकान कोर्टात गेलं तर त्याचे पैसे रांगेत मागे. आणि आधीच अडचणीत असलेल्या दुकानाला रोख देऊन माल उचलणं जमत नाही, म्हणून शेल्फ रिकामं, शेल्फ रिकामं म्हणून गिऱ्हाईक येत नाही, गिऱ्हाईक येत नाही म्हणून अजून रिकामं. बाहेरून दिसतं की दुकानाने ब्रँड सोडला. आतून कोणी कोणाला सोडलं हे सांगणं तितकं सोपं नसतं. सीअर्स वर्षभराने, १५ ऑक्टोबर २०१८ ला, दिवाळखोरीत गेलं.

गंमत म्हणजे सीअर्सचा स्वतःच्या नावाचा केनमोर ब्रँड, त्यातला काही माल व्हर्लपूलच बनवून द्यायचं आणि ते बंद झालं नाही. नवराबायको बोलत नाहीत पण डबा रोज जातो, तसं.

आणि सोडून जाणं दुसऱ्या बाजूनेही होतं. २००६ पासून पेनीच्या दुकानांत सेफोराचे मेकअपचे कोपरे होते, तरुण मुली त्यासाठी आत यायच्या, मरगळलेल्या दुकानातली तीच एक झगमगती जागा. २०२० च्या शेवटी सेफोराने जाहीर केलं की आता आम्ही कोल्स या दुसऱ्या मोठ्या दुकानाबरोबर. तिथे पेनीने काही सोडलं नव्हतं. फ्रिज गेल्याने पेनीचं फार अडलं नाही, सेफोरा जाणं मात्र माझ्या मते खरा मार होता, कारण फ्रिजवालं गिऱ्हाईक दहा वर्षांतून एकदा येणारं आणि लिपस्टिकवालं महिन्याला.

प्रश्न: सर, मी पुण्यात एमबीए करतेय. आम्हाला वर्गात पेनीची केस होती पण त्यात फ्रिजचं काही नव्हतं, त्यात होतं की अ‍ॅपलमधून आलेल्या माणसाने कूपन बंद केली आणि दुकान बुडालं. मग खरं कारण कोणतं, कूपन की फ्रिज?
– एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर: बेटा, परीक्षेत कूपन लिही, मार्क त्याला आहेत. रॉन जॉन्सन, अ‍ॅपलच्या दुकानांचे कर्तेकरविते, २०११ मध्ये आले आणि एप्रिल २०१३ मध्ये त्यांना घालवलं. सेल बंद, कूपन बंद, रोज एकच रास्त भाव. ऐकायला किती छान. पण पेनीच्या बाईला भाव कमी हवा होता असं नाही, तिला तो *कमी करून* हवा होता. आपल्याकडे लक्ष्मी रोडला साडीवर आधीच योग्य भाव लिहिला आणि घासाघीस नाही म्हटलं तर आई उठून शेजारच्या दुकानात जाईल की नाही? तसंच. २०११ ची विक्री १,७०० कोटी डॉलरच्या वर होती, २०१२ ला ती १,३०० कोटींवर आली, एका वर्षात चौथा हिस्सा गायब, आणि तोटा ९८ कोटींच्या वर.

पण केसमध्ये हे नसतं की त्या वर्षीची जखम पुढे किती वर्षं वाहिली. फ्रिज हा रोग नव्हताच, ते औषध म्हणून आणले होते. विक्री एवढी घसरल्यावर पुढे प्रमुख झालेल्या एलिसनना काहीतरी करून आकडा वर न्यायचा होता, आणि आकडा पटकन वर नेणारी वस्तू कोणती, तर महाग वस्तू. दीड हजारांचे फ्रिज विकले की विक्रीचा आकडा फुगतो, नफा फुगेलच असं नाही. हे दोन वेगळे आकडे आहेत हे तुमच्या वर्गात सांगतात का मला माहीत नाही, आमच्या दुकानात आमचे शेठ दर शनिवारी सांगायचे, आणि ते फक्त सातवी शिकले होते.

एक बारीक गोष्ट अजून, प्रोजेक्टमध्ये घाल, सरांना आवडेल. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकन सरकारने बाहेरून येणाऱ्या वॉशिंग मशीनवर जबर आयात शुल्क बसवलं, पहिल्या १२ लाख नगांवर २० टक्के आणि त्यापुढे ५० टक्के. एकट्या पेनीला नाही, सगळ्यांनाच ते लागलं, पण ज्याच्याकडे आधीच बारीक सुटत होतं त्याला जास्त टोचलं असणार, असं माझं मत, पुरावा मागू नकोस.

प्रश्न: अमेरिकेतली दुकानं बुडाली की तरली, आम्हाला काय करायचंय? मराठी मासिकात मराठी माणसाचं लिहा.
– एक संतप्त वाचक, सातारा

उत्तर: मान्य. कल्याणच्या भाऊंचं उत्तर परत वाचा.

प्रश्न: आमच्या इथलं एक मोठं दुकान वरचा फ्रिज-टीव्हीचा मजला बंद करतंय, बोर्ड लागलाय, डिस्प्लेचे पीस ४० टक्के कमी. मला डबल डोअर घ्यायचाच आहे. घेऊ का? वॉरंटीचं काय होईल?
– एक गृहिणी, ठाणे

उत्तर: घ्या, पण आज नको. पहिल्या आठवड्यात बोर्ड मोठा असतो आणि सूट ही बऱ्याचदा छापील किमतीवर असते, ज्या किमतीला तो फ्रिज आदल्या महिन्यातही कोणी घेत नव्हतं. त्याच मॉडेलचा ऑनलाइन भाव काढा, त्याच्यापेक्षा खरंच खाली असेल तरच पुढे बोला. दोन-तीन आठवडे थांबलात तर भाव अजून उतरेल, पण तोवर तुमच्या मापाचा उरेलच असं नाही, एवढा जुगार आहे त्यात.

वॉरंटी ही कंपनीची असते, दुकानाची नाही, त्यामुळे मजला बंद झाला म्हणून ती जात नाही, पेनीतून फ्रिज घेतलेल्यांचंही तसंच. मात्र बिलावर मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर दोन्ही छापून घ्या, आणि फ्रिजच्या आतल्या स्टिकरवरच्या नंबराशी ताडून बघा, डिस्प्लेच्या गोंधळात खोका एकाचा आणि फ्रिज दुसऱ्याचा असं मी स्वतः पाहिलंय. दुकान वर पैसे घेऊन स्वतःची जादा वॉरंटी देत असेल तर ती घेऊ नका, जो मजला बंद करतोय तो दोन वर्षांनी फोन उचलेल कशावरून. आतले काचेचे शेल्फ आणि भाजीचा ट्रे मोजून घ्या, डिस्प्लेमधून पहिले तेच गायब होतात. दाराचं रबर सगळीकडून नीट बसतंय का ते कागद अडकवून ओढून बघा. आणि फ्रिज दुकानात महिनोन् महिने चालू ठेवलेला होता की नुसताच उभा होता हे विक्रेत्याला विचारा, तो मजला बंद झाल्यावर त्याची बदली खालच्या कपड्यांच्या काउंटरला होणार असेल, तेव्हा तो आता खरं सांगण्याच्या मूडमध्ये असेल.